मापातले पाप वेष्टणात

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी घेणाऱ्या गृहिणीची नजर भाजीवर जेवढी असते, त्याहून अधिक काट्यावर असते. पारडे ठरण्यापूर्वीच विक्रेत्याने हात उचलला तर ती हटकते. वांग्यांत एखादे किडके निघाले तर बदलून घेते. आणि सौदा संपल्यावर वर चिमूटभर सांभार मागून घेण्याचा आपला हक्कही सोडत नाही. व्यवहार कटकटीचा खरा, परंतु तो उघड्यावर चालतो. काटा, वस्तू आणि विक्रेता हे तिन्ही ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असतात. हीच गृहिणी बाजारातून निघून किराणा दुकानात शिरली की मात्र तिच्यातील चिकित्सक एकाएकी मुका होतो. चहाचा पुडा, तेलाची पिशवी, भांड्यांचा साबण, मुलांसाठी बिस्किटे अशा आठ-दहा वस्तू ती केवळ रंग आणि आकार ओळखून उचलते व बाहेर पडते. पाव किलो वांग्यांसाठी जिने पाच मिनिटे हुज्जत घातली, तिने पाचशे रुपयांच्या पुड्यांविषयी एक प्रश्नही विचारलेला नसतो.

यात दोष तिचा नाही. काटाच तिच्यासमोर उरलेला नाही. तो कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात आहे, आणि तेथे काय तोलले गेले याची साक्ष देणारी एकच गोष्ट तिच्या हाती आली आहे, ती म्हणजे वेष्टणावरील बारीक छपाई. पिढ्यान् पिढ्या आपण ज्याला मापातले पाप म्हणत आलो ते आता वेष्टणात उतरले आहे. आणि त्यातले पुष्कळसे तर कायद्याच्या दृष्टीने पापच नव्हे! वेष्टणाने खरे सांगावे अशी सक्ती आपल्या कायद्याने केली. परंतु ते खरे ग्राहकाच्या ध्यानात येईल अशा रीतीने सांगावे ही सक्ती त्याने पुरती केलेली नाही, आणि अलीकडे तर ग्राहकाला सहज तुलना करता यावी असे जे एक साधन होते तेही काढून घेतले आहे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच.

मापाची राखण हे राज्यसंस्थेचे काम आहे, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा ‘पौतवाध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे आणि दर चार महिन्यांनी वजनांची तपासणी करून त्यांवर मुद्रा उमटवावी असे तेथे सांगितले आहे. पुढे शेर, पायली, मण यांची प्रांतोप्रांतीची बजबजपुरी स्वतंत्र भारताने १९५६ च्या कायद्याने मोडीत काढली व दशमान पद्धती आणली. पण ही सारी व्यवस्था दुकानातील काट्यासाठी होती. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या पुड्याचा खरा विचार झाला तो १९७६ च्या वजनमाप मानक कायद्यात आणि त्याखालील १९७७ च्या आवेष्टित वस्तू नियमांत. त्या नियमांची जागा आता २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे नियम यांनी घेतली आहे. उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क एवढे पुड्यावर असलेच पाहिजे.

या नियमांत आणखी एक शहाणपणाची तरतूद होती. चहा, कॉफी, बिस्किटे, पाव, लोणी, डाळी, मीठ, खाद्यतेल, साबण, दुधाची भुकटी अशा नित्याच्या ठरावीक वस्तू कोणत्या वजनांच्या पुड्यांत विकाव्यात याची एक अनुसूचीच जोडलेली होती. तिचे महत्त्व ती होती तोवर फारसे कोणाला वाटले नाही. दोन कंपन्यांचा चहा पाव-पाव किलोच्या पुड्यांत मिळतो, तेव्हा ग्राहकाला गणित करावे लागत नाही; दोन किमती शेजारी ठेवल्या की स्वस्त-महाग कळते. अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसालाही हा हिशेब साधतो. २ नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द ठरवली आणि मुदतवाढी घेत घेत ती दुरुस्ती अंमलात आली. उद्योगांना मोकळीक हवी हा त्यामागील युक्तिवाद. आणि ग्राहकाच्या भरपाईदाखल पुड्यावर ‘एकक विक्री किंमत’ म्हणजे एका ग्रॅमचा, किलोचा, मिलिलिटरचा, लिटरचा किंवा एका नगाचा भाव छापण्याची सक्ती त्याच दुरुस्तीने आणली. कल्पना उत्तम. जगातील पुष्कळ देशांत ती रुळलेली आहे. परंतु तिची जी घडण आपल्याकडे झाली, ती पाहिली की हे साधन ग्राहकाच्या हाती देताना त्याची धार कोणी बोथट केली, असा प्रश्न पडतो.

नियम असा की पुडा एक किलोहून लहान असेल तर भाव दर ग्रॅमला द्यावा, मोठा असेल तर दर किलोला; आणि तो रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करून छापावा. आता समजा, मिठाचे दोन पुडे आहेत. दोन्हींची किंमत १३ रुपये. एकात ५०० ग्रॅम मीठ आहे, दुसऱ्यात ४०० ग्रॅम. पहिल्याचा भाव किलोला २६ रुपये पडतो, दुसऱ्याचा साडेबत्तीस. म्हणजे दुसरे मीठ चांगले पंचवीस टक्क्यांनी महाग. पण दर ग्रॅमचा भाव काढून दोन दशांशांपर्यंत पूर्ण केला, की पहिल्यावर येतात तीन पैसे आणि दुसऱ्यावरही तीनच पैसे! पंचवीस टक्क्यांचा फरक सरकारी अंकगणितात विरघळून गेला. कपडे धुण्याच्या भुकटीचे तसेच. ग्रॅमला ‘०.१४’ असे छापलेल्या दोन पुड्यांपैकी एक किलोमागे १३५ रुपयांचा असू शकतो व दुसरा १४५ रुपयांच्या घरातला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, महागड्या कॉफीच्या किंवा केशराच्या बाबतीत हा दोष नगण्य ठरतो. वस्तू जितकी स्वस्त तितकी ही मोजपट्टी अधिक बोथट. मीठ, पीठ, डाळ, धुण्याची भुकटी म्हणजे ज्यांच्यासाठी गरिबाला भावाची खरी विवंचना असते, नेमक्या त्याच जिनसांत ती निरुपयोगी होते. शिवाय ९०० ग्रॅमच्या पुड्यावर भाव ग्रॅमचा आणि सव्वा किलोच्या पुड्यावर किलोचा, म्हणजे दोहोंची तुलना करायची तर हजाराने गुणावे लागणार. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशानेच वस्तूचा भाव सामान्यतः किलो किंवा लिटर यांसारख्या एकाच परिमाणात द्यावा असे ठरवले. आपल्या बाजारात भाजीवालीही भाव किलोचाच सांगते. मग कारखानदारालाच ग्रॅमची सवलत कशासाठी? सर्व पुड्यांवर भाव किलोचा किंवा लिटरचा, निदान शंभर ग्रॅमचा असावा, एवढी दुरुस्ती करण्यास एक अधिसूचना पुरेशी आहे.

ती होईपर्यंत ग्राहकाने स्वतःच्या अंकगणितावर विसंबावे. किमतीला ग्रॅमनी भागून शंभराने गुणावे, म्हणजे शंभर ग्रॅमचा भाव निघतो. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत गणकयंत्र असते आणि त्याचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच होत असेल.

खाद्यतेलाची गोष्ट या बाबतीत उद्बोधक आहे. तेल उष्णतेने प्रसरण पावते, ही शाळेतील पदार्थविज्ञानाची गोष्ट. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश सेल्सियसला ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना तेच ८९२.६ ग्रॅम भरते. काही उत्पादकांनी वेष्टणावर ‘एक लिटर’ असे ठळक लिहून शेजारी बारीक अक्षरांत तापमान चक्क ६० अंश इतके दाखवण्यास प्रारंभ केला. नागपूरच्या वैशाख वणव्यातही दुकानाच्या फळीवर तेलाची पिशवी साठ अंशांना पोहोचत नाही. परंतु कागदावर तेवढे ऊन दाखवले की लिटरमागे सव्वीस ग्रॅम तेल वाचते, आणि लिटर हा शब्द खोटाही ठरत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये या प्रकाराची दखल घेतली, तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ परिमाण द्यावे व ते वजनाशी जुळावे असे बजावले, आणि लेबले सुधारण्यास १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. एक छिद्र बुजले. तोवर प्रमाणित आकारांची अनुसूची जाऊन दुसरे, मोठे छिद्र पडले होते. लिटरच्या पिशवीत साधारणपणे ९१० ग्रॅम तेल असते हे अंगवळणी पडलेल्या ग्राहकापुढे आता ७५०, ८०० आणि ८५० ग्रॅमच्या पिशव्या आल्या आहेत. उंची-रुंदी जवळपास तीच, सूर्यफूल तेच, हसरी गृहिणीही तीच. दुकानदाराला ‘एक पिशवी तेल द्या’ म्हणून सांगितले की त्यांतली कोणतीही पदरात पडते. तेव्हा तेल मागताना पिशवी मागू नये, ग्रॅम मागावे.

आकाराने फसवणे ही वेष्टणशास्त्राची जुनी कला. उंच, निमुळत्या भांड्यात अधिक मावते असे मुलांना वाटते, हे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे याने प्रयोगांनी दाखवून दिले होते. बाजाराचा अनुभव असा की मोठी माणसेही या बाबतीत फारशी मोठी झालेली नसतात. प्रसाधनाच्या बरणीला दुहेरी भिंत, बाटलीचा तळ आत दबलेला, सुक्यामेव्याच्या भेटपेटीत खाली पुठ्ठ्याचा चौथरा व वर चार ओळी काजू हे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. आपल्या नियमांत याला ‘फसवे वेष्टण’ अशी स्पष्ट संज्ञा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आतील मालाच्या परिमाणाविषयी ग्राहकाचा गैरसमज होईल अशी ज्याची रचना आहे ते फसवे वेष्टण. असा माल अधिकारी पुन्हा नीट बांधावयास लावू शकतो, आणि न बांधल्यास जप्त करू शकतो. परंतु नियमाने दोन पळवाटाही ठेवल्या आहेत. वेष्टणाचा मोठा आकार मालाच्या संरक्षणासाठी किंवा भरणी करणाऱ्या यंत्राच्या गरजेपोटी आहे असे दाखवता आले, तर ते फसवे ठरत नाही. या सवलती मुळात अन्याय्य नाहीत. बटाट्याच्या वेफर्सच्या पिशवीत नायट्रोजन भरतात तो तेल खवट होऊ नये व काप चुरडू नयेत म्हणून. तिथे ‘हवा विकतात’ म्हणून ओरड करणे हा अडाणीपणा होईल. प्रश्न किती हवा, हा आहे. धुण्याच्या भुकटीला किंवा चेहऱ्याच्या मलमाला कसले चुरडणे? ‘संरक्षण’ आणि ‘यंत्र’ हे दोन शब्द उच्चारले की सारे माफ होत असेल तर ती तरतूद शोभेचीच ठरेल. कोणत्या वस्तूसाठी किती रिकामी जागा समर्थनीय आहे याचे प्रमाण ठरवून देणे अशक्य नाही.

आता ज्या प्रकारात कोणताच नियम मोडला जात नाही त्याकडे वळू. किंमत तीच ठेवून वजन उतरवायचे. पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना आपल्या बाजारात जे स्थान आहे त्यामुळे या किमती हलवणे उत्पादकाला धोक्याचे वाटते. मग हलतात ते ग्रॅम. २०२२ साली, महागाईच्या लाटेत, दहा रुपयांची विम वडी १५५ ग्रॅमवरून १३५ ग्रॅमवर आल्याचे आणि पाच रुपयांचा पार्ले-जीचा पुडा ६४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर आल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. हिशेब केला तर पहिल्या वस्तूचा भाव सुमारे पंधरा टक्क्यांनी चढला आणि दुसरीचा सोळा टक्क्यांहून थोडा अधिक. दोन्ही ठिकाणी नवे वजन वेष्टणावर छापलेले होते, म्हणून फसवणूक म्हणता येत नाही. कच्चा माल महागला तर उत्पादकाने भाव वाढवू नये असेही कोणी म्हणणार नाही. परंतु दूधवाला भाव वाढवतो तेव्हा तसे सांगतो, आणि आपण कुरकुर करून तो मान्य करतो. पाणी घालून भाव तोच ठेवणाऱ्याला मात्र आपण वेगळे नाव देतो. जुन्याच रंगाच्या, जुन्याच आकाराच्या वेष्टणात कमी माल घालणे या दोहोंच्या नेमके मधोमध कुठे तरी बसते. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून यावर साधा उपाय केला. ज्या वस्तूचे वजन घटले पण भाव त्या प्रमाणात उतरला नाही, तिच्याजवळ तशी पाटी मोठ्या दुकानांनी दोन महिने लावली पाहिजे. उत्पादनावर बंदी नाही की किमतीवर नियंत्रण नाही. केवळ सांगण्याची सक्ती. आपल्याकडे वेष्टणावरच ‘पूर्वी इतके ग्रॅम, आता इतके’ असे तीन महिने छापण्याची सक्ती केली तर कोणते आकाश कोसळणार आहे? वजन वाढवले असता ‘वीस टक्के अधिक’ असे पिवळ्या पट्टीत छापण्याची कला तर साऱ्यांना अवगत आहेच.

याची दुसरी बाजू २२ सप्टेंबर २०२५ नंतर पुढे आली. त्या दिवसापासून बिस्किटांसारख्या अनेक वस्तूंवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पुड्यात ही सूट ग्राहकाला पोहोचायची ती किमतीच्या रूपाने तरी, नाही तर वाढीव ग्रॅमांच्या रूपाने. ती पुरती पोहोचली की नाही हे कोणी सांगावे? ज्याने आधीचे वेष्टण जपून ठेवले असेल तोच. घरात येणाऱ्या आठ-दहा नेहमीच्या वस्तूंची वजने एका वहीत टिपून ठेवण्याचा उद्योग क्षुल्लक वाटेल, पण वजन केव्हा घसरले हे समजण्याचा दुसरा मार्ग आज तरी नाही.

वेष्टणावरील नावांचाही एक खेळ असतो. तो वजनाचा नसला तरी नजर चुकवण्याचाच. ‘स्नानाचा साबण’ म्हणून हाती येणारी प्रत्येक वडी साबण नसते. भारतीय मानकांनुसार स्नानाच्या साबणाच्या तीन प्रती आहेत आणि त्यांत एकूण मेदद्रव्य अनुक्रमे किमान ७६, ७० व ६० टक्के असावे लागते. ‘बेदिंग बार’ असे बारीक अक्षरांत ज्यावर लिहिलेले असते त्याला ४० टक्केही चालतात. साबण वाळतो व वजनाने उतरतो म्हणून त्याला ‘आवेष्टनाच्या वेळी’ एवढे वजन असे लिहिण्याची मुभा आहे, हेही लक्षात असावे. ‘आइस्क्रीम’ दुधाच्या स्निग्धांशाचे; ‘फ्रोझन डेझर्ट’ वनस्पती तेलाचेही असू शकते. ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढावयास लावला, तोवर पाणी घालून पूर्ववत केलेला रसही शंभर टक्के म्हणून खपत होता. पुड्याची दर्शनी बाजू जाहिरात असते, मागची बाजू जबानी. खरेदी मागच्या बाजूवरून करावी.

या साऱ्याचा भार कोणावर पडतो? महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या नोकरदाराला फार तर चार पैशांचा फटका बसेल. सक्करदरा, उमरेड रोड या बाजूच्या वस्त्यांतून रोजची मजुरी हाती आल्यावर रोजचे तेल, रोजचा चहा आणि रोजची साखर घेणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांची खरेदी लहान पुड्यांची असते, आणि लहान पुड्यात वेष्टणाचा वाटा मोठा. त्यातही दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना या नियमांतून जवळजवळ सूटच मिळालेली आहे. म्हणजे तुलना करण्याची ज्याला सर्वाधिक गरज, त्याच्याच हातातील पुडी मुकी. अर्थात ‘मोठे घ्या, स्वस्त पडते’ हा सरसकट उपदेशही खरा नव्हे. शांपूची एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरच्या भावाने त्याच शांपूच्या मोठ्या बाटलीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. ‘कौटुंबिक पॅक’, ‘बचत पॅक’ ही विशेषणे उत्पादकाने दिलेली असतात. बचत कोणाची ते त्याने सांगितलेले नसते.

सणासुदीला तर वेष्टण स्वतःच वस्तूच्या भावाने विकले जाते. दिवाळीत संत्रा बर्फीचा किंवा पेढ्यांचा खोका काट्यावर ठेवून त्यात मिठाई भरली जाते आणि एक किलो झाले की दोरा बांधला जातो. पुठ्ठ्याचा तो खोका ऐंशी ग्रॅमचा असेल आणि मिठाई किलोला सहाशे रुपये असेल, तर त्या पुठ्ठ्याचे अठ्ठेचाळीस रुपये झाले. ही उघड बेकायदा रीत आहे, आणि तिच्यावरील उपायही मुलाला जमेल एवढा सोपा. रिकामा खोका ठेवून काटा शून्यावर आणण्यास सांगावे. प्रतिष्ठित दुकानात असे बोलण्याचा आपल्याला संकोच वाटतो, भाजीवालीपुढे वाटत नाही. हा संकोच कशातून येतो याचा विचार प्रत्येकाने आपल्यापुरता करावा.

तांदळाच्या चुंगडीचीही कथा सांगण्यासारखी आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद धान्यावर पाच टक्के कर बसला, आणि देशातील बाजारांत सव्वीस व तीस किलोंच्या गोण्या दिसू लागल्या. एक किलो वाढले की कर टळतो! किरकोळ ग्राहकाला यात प्रथमदर्शनी फायदाच दिसला. पण पंचवीस किलोंची सीमा केवळ कराची नव्हती. वेष्टणावर काय छापावे हे सांगणाऱ्या नियमांचीही तीच सीमा होती. तेव्हा गोणी जरा फुगली की करासोबत माहितीची बंधनेही गळून पडत. असल्या गोणीवर छापलेला आकडा आणि दुकानातील काटा यांची गाठ घालून दिल्याशिवाय ती घरी नेऊ नये.

काही ग्राहकांनी ही गाठ घालून दिली आहे. तामिळनाडूतील तिरुवल्लूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे बिस्किटांच्या पुड्याचे प्रकरण आले होते. आयटीसी कंपनीच्या सनफीस्ट मारी लाइटच्या पुड्यावर सोळा बिस्किटे लिहिलेली, आत पंधरा. कंपनीचे म्हणणे असे की माल वजनावर विकला जातो, नगावर नव्हे. पुड्यावर वजन ७६ ग्रॅम होते, भरले ७४. केवळ वजनाचा प्रश्न असता तर कंपनी कदाचित सुटली असती, कारण त्या वजनाच्या पुड्यात साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट नियमांना मान्य आहे. पण ‘सोळा’ हा शब्द कंपनीने स्वतःहून छापला होता, आणि ग्राहक वेष्टणावरच्या शब्दावर विसंबून खरेदी करतो, असे मानून आयोगाने २०२३ मध्ये एक लाख रुपयांची भरपाई व त्या तुकडीची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. केरळातील त्रिसूरच्या प्रकरणात तूट अधिक ढळढळीत होती. ब्रिटानियाच्या बिस्किटांचे ३०० ग्रॅम छापलेले दोन पुडे, एक भरला २६८ ग्रॅम, दुसरा २४९. तेथे २०२४ मध्ये एकूण साठ हजार रुपये देण्याचा आदेश झाला. रक्कम मोठी नाही. तथापि कारखान्यातील काट्यावर ग्राहकाने स्वयंपाकघरातून बोट ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

महाराष्ट्राला या क्षेत्रात मागासलेले म्हणण्याचे कारण नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली ती १९७४ मध्ये, आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. म्हणजे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या दशकभर आधी. कुटुंबांचे संघ करून माल एकत्र विकत घ्यायचा, तो पारखून घ्यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत होती. वेष्टणाच्या मोहिनीवर याहून चांगला उतारा अजून कोणी शोधलेला नाही. घाऊक किराण्याची इतवारी ज्यांना हाकेच्या अंतरावर आहे, त्या नागपूरकरांच्या एखाद्या वस्तीतील दहा घरांनी महिन्याची डाळ आणि साखर एकत्र आणली, तर त्यांना वेष्टणाचा भाव द्यावा लागणार नाही.

तक्रारीचा मार्गही आता पूर्वीइतका दुर्गम राहिलेला नाही. वजनातील तूट, कमाल किमतीहून अधिक आकारणी किंवा फसवे वेष्टण यांची तक्रार राज्याच्या वैधमापन यंत्रणेच्या नागपूर येथील कार्यालयात करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता दूरध्वनी १९१५ या क्रमांकावर आहे. आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराशी मात्र भांडू नये. बंद पुड्यातील ग्रॅम त्याने चोरलेले नसतात, आणि ग्राहकाला आलेला संशय पुष्कळदा त्यालाही आधीपासून आलेला असतो. त्याच्याकडून घ्यावयाची ती पावती, आणि तीवर वस्तूचे नाव लिहून घ्यावे. पुडा हलका लागला तर तो फोडू नये. फोडलेल्या पुड्यातील कमी माल कोणी खाल्ला या प्रश्नाला आयोगापुढे उत्तर नसते. त्रिसूरच्या ग्राहकाने आपले पुडे वैधमापन अधिकाऱ्याकडूनच तोलून घेतले होते, आणि निकालात वजन धरले गेले ते त्या काट्याचे.